‘२४ तास थांबा’ म्हणणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

सोलापूरच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घरचा माणूस हरवला तर २४ तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत. तोवर फोटो आणि नंबर सगळीकडे टाका, आपणच शोधा. मोठ्या माणसासाठी पोलीस काही करत नाहीत. सात वर्षांनी कायद्याने तो मेला असं धरतात.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण यातल्या प्रत्येक वाक्यापायी शोध लांबतो, म्हणून एकेक घेऊन सांगतो.

आधी २४ तासांचं. असा नियम कुठल्याच कायद्यात नाही. यायच्या वेळेला माणूस आला नाही, फोन लागत नाही, नेहमीच्या ठिकाणीही नाही, एवढं कळलं की लगेच ठाणं गाठायचं. मोठ्या माणसाची ‘मिसिंग’ म्हणजे हरवल्याची नोंद दाखल होते. १८ वर्षांखालचं मूल असेल तर गुन्हाच नोंदवायला हवा. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच तसं बजावलंय. अशा गुन्ह्यात ‘आमची हद्द नाही’ हेही कारण चालत नाही, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. टाळाटाळ झालीच, तर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीणला अधीक्षक यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हे मी तळमळीने सांगतोय, कारण आमच्या पूर्व भागात शेजारचे आजोबा असेच हरवले होते. सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलेलं, अलीकडे विसरायला लागले होते. सकाळी चहा पिऊन निघाले ते परत आलेच नाहीत. घरच्यांच्या डोक्यात हेच २४ तास. रात्रभर सिद्धेश्वर तलाव, मार्केट यार्ड, एसटी स्टँड पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. वर्णन दिलं ‘पांढरा सदरा, धोतर’. संध्याकाळी सूनबाई कपडे काढायला गच्चीवर गेल्या, तर पांढरा सदरा दोरीवरच! नातवाचा मरून रंगाचा टी-शर्ट तेवढा जागेवर नव्हता. दिलेला फोटोही लग्नातला, फेटा बांधलेला.

चौथ्या दिवशी आजोबा कर्नाटकातल्या वाडी जंक्शनला सापडले. मराठी पार विसरले होते, तोंडात फक्त लहानपणची तेलुगू. लोकांना वाटलं, हे तेलंगणातलेच कुणी. आपले सगळे मेसेज मात्र मराठीत, सोलापूरच्याच ग्रुपांवर फिरत होते.

आपलं गाव मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर आहे. गाडीत बसलेला माणूस दोनेक तासांत गुलबर्ग्याला पोचतो. म्हणून ठाण्यातून निघालं की थेट स्टेशनवर लोहमार्ग पोलिसांकडे जा, रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला फोन करा. मूल असेल तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला. सिव्हिलमध्ये बेवारस म्हणून दाखल झालेल्यांची चौकशी करा. वयस्कर माणसासाठी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर इथली अन्नछत्रं आणि भक्तनिवास बघा. पत्रक मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही काढा. त्यावर अलीकडचा साधा फोटो, त्या दिवसाचे कपडे, पायातली चप्पल, अंगावरची खूण आणि तारीख हवीच.

फोटो व्हायरल करायला हरकत नाही, पण घरातल्या सगळ्यांचे नंबर टाकू नका. ‘तुमचा माणूस आमच्याकडे आहे, गाडीभाड्याला ५ हजार पाठवा’ असे फोन येतात, आणि रडकुंडीला आलेलं घर पैसे पाठवतं. एक घरचा नंबर, एक ठाण्याचा, बस. फोन आला तर फक्त घरच्यांनाच माहीत असेल असं काही विचारा, आणि तो नंबर पोलिसांना द्या. माणूस सापडला की तसा मेसेजही टाका.

मोठ्या माणसासाठी पोलीस काही करत नाहीत, हेही चूक. मोबाईलचं लोकेशन कंपनी घरच्यांना देत नाही, पोलिसांना देते. दुकानातल्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवायला दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगा. सज्ञान माणूस स्वखुशीने गेला असेल तर त्याला जबरदस्तीने आणता येत नाही, हे खरं. पण तो सुखरूप आहे एवढं तरी कळतं. कुणी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर हेबियस कॉर्पसची, म्हणजे त्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका असते, आणि ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे.

राहिली सात वर्षं. ती मालमत्ता, विमा, वारसाहक्काच्या दाव्यांसाठी. सात वर्षांत ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांनाही ती लागली नाही, तर ‘तो जिवंत आहे’ हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये एवढंच आहे. शोध थांबवा असं त्यात कुठेही नाही. म्हणून घर किंवा मोबाईल नंबर बदलला तर ठाण्यात लेखी कळवा. माणूस पुढे कधीही सापडला तरी पोलीस नोंदीतल्या त्याच नंबरवर फोन लावतील.