एक स्टार आणि ‘बिघडलेला माल गळ्यात मारला’ या शेऱ्याबद्दल

नमस्कार सर. शनिवारी फोन उचलला गेला नाही आणि काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी तुटक बोलला, दोन्हीबद्दल माफी मागतो. चूक आमचीच.

पण ‘स्पेक्ट्रम ॲनालायझर बिघडलेलाच दिला, 42 हजार पाण्यात’ हे जे लिहिलंत, ते मनाला लागलं. (इतर वाचणाऱ्यांसाठी: कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं हे मशीन.) तुमच्यासमोरच कॅल आउटची (मशीनच्याच तपासणी-सिग्नलच्या सॉकेटची) 300 मेगाहर्ट्झची, -20 डीबीएमची (डीबीएम म्हणजे 1 मिलिवॅटच्या तुलनेत सिग्नलची ताकद) लाइन इनपुटला देऊन दाखवली होती. अटेन्युएटर (आत येणारा सिग्नल कमी करणारा भाग) 10 डीबीवर, रीडिंग -20.3, म्हणजे बरोबर. त्या स्क्रीनचा फोटो बिलाला पिन केलाय, बघा.

आता तुम्हीच टाकलेला फोटो बघू. त्यात 5 वॅटचा हँडी (वॉकीटॉकी) सरळ केबलने इनपुटला जोडलेला दिसतोय. त्या इनपुटची मर्यादा +30 डीबीएम, म्हणजे 1 वॅट. 5 वॅट म्हणजे +37. पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की अटेन्युएटरच्या 10 डीबीच्या पॅडमध्येच (टप्प्यात) साडेचार वॅट जिरतात, आतले बारीक रेझिस्टर ते कसे सोसणार? ‘सिग्नल 25 डीबी कमी दाखवतो’ हे तुमचंच वाक्य आहे. ते तिथूनच आलं असणार.

खात्री घरीच करा. मशीन अर्धा तास गरम होऊ द्या (फ्रिक्वेन्सी सरकते ही तक्रारही बहुतेक तिथंच मिटेल). कॅल आउट इनपुटला जोडा, सेंटर 300, स्पॅन (स्क्रीनवर दिसणारा पट्टा) 10 मेगाहर्ट्झ. अटेन्युएटर हाताने 10, मग 20 करा. सिग्नलचं टोक जागेवरच राहायला हवं, फक्त खालचा नॉइज 10 डीबी वर यायला हवा. 10 ला पडलं आणि 20 ला बरोबर आलं, तर तो पॅड जळालाय. सगळ्या स्टेपला सारखंच कमी आलं तर मिक्सर (अटेन्युएटरच्या पुढचा, फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग) गेलाय, आणि ते खर्चिक.

हँडी मोजायचा तर बाहेर 40 डीबीचे अटेन्युएटर लावावे लागतात, आणि त्यातला पहिला अटेन्युएटर किमान 10 वॅटचा. ऑनलाइन मिळणारे छोटे एसएमएवाले (बारीक स्क्रू कनेक्टरचे) बहुतेक 2 वॅटचे असतात, ते पहिल्या जागी नकोत. हे विकताना सांगितलं नाही असं म्हणाल, तर तेवढं मान्य. यापुढे इनपुटजवळ लाल स्टिकर लावू, फोनचंही काहीतरी बघतो.

लेबर घेणार नाही, पार्टचे पैसे मात्र लागतील. मशीन आणताना ती केबल आणि हँडीही आणा, केबल शॉर्ट नाही ना तेही बघून घेऊ.