सूचना अशा लिहा की कुणाचं काही चालू नये

तुम्ही रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ग्राफिक्स लायब्ररी (पडद्यावर चित्रं काढणारं सॉफ्टवेअर) बसवलीत, पडद्यावर रंगीत त्रिकोण फिरला. अभिनंदन! आता हे ज्ञान वाटायला हवं. ते कसं वाटावं हे मी सांगू शकतो, कारण गेले शनिवार-रविवार मी एका परोपकारी गृहस्थाच्या सूचना समोर घेऊन बसलो होतो. त्रिकोण फिरला नाही. डोकं फिरलं.

सुरुवात 'अगदी सोपं आहे' अशीच करा. ज्याला जमणार नाही, त्याची पहिल्या ओळीतच आपण मठ्ठ असल्याची खात्री पटते.

बोर्ड, म्हणजे पायचं मॉडेल, कोणता ते लिहू नका. ५१२ एमबी रॅमचा झीरो काय नि ८ जीबीचा पाय ४ काय, एकाच आईची लेकरं. 'मेक जे ४', म्हणजे चार फायली एकदम कंपाइल कर (मूळ कोडमधून प्रोग्रॅम बनव), हा हुकूम सगळ्यांना सारखाच सोडा. माझा १ जीबीवाला पाय ४ चार-चार फायली एकदम कंपाइल करायला घेऊन मोठ्या उमेदीने ८७ टक्क्यांपर्यंत पोचला आणि तिथे रॅम संपली म्हणून कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) कंपायलरचा गळा दाबला. पडद्यावर एकच शब्द: 'किल्ड'. स्वॅप (रॅमच्या मदतीला घेतलेली कार्डावरची जागा) वाढवा किंवा 'जे १' देऊन सावकाश होऊ द्या, असलं काही चुकूनही सांगू नका.

'डेव्ह' शेपटीची पॅकेजं गाळा. लायब्ररी आहे पण हेडर, म्हणजे ती वापरायला कंपायलरला लागणाऱ्या फायली, नाहीत, हा भोग प्रत्येकाच्या वाट्याला यायलाच हवा.

परवानगी नाकारली? ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा. कुठेही, कशालाही. (वापरकर्त्याला 'व्हिडिओ' आणि 'रेंडर' या ग्रुपांत टाकलं की बहुधा भागतं, पण मग दरारा कसला?)

'फार हळू चालतंय' असं कुणी म्हटलं तर ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे प्रोसेसर नेमल्या वेगापेक्षा जोरात पळवायला सांगा. रेंडररच्या नावापुढे 'एलएलव्हीएमपाइप' दिसतंय का, म्हणजे जीपीयू (ग्राफिक्सची चिप) झोपलाय आणि प्रोसेसर एकटाच राबतोय का, हे विचारण्यात वेळ घालवू नका. बोर्ड ८० अंशांवर गेला की आपोआप आणखी हळू होईल.

आता मुख्य गोष्ट. तारीख. ती टाकायची नाही! तारीख नसली की लेखन अजरामर होतं. माझ्या हातातल्या सूचना म्हणत होत्या, 'ऑप्ट'मधल्या 'व्हीसी' फोल्डरात जा आणि तिथली जीएलईएस ही ग्राफिक्स लायब्ररी लिंक करा (प्रोग्रॅमला जोडा). फोल्डरच नाही. वाटलं, माझंच काहीतरी राहिलं असेल. कार्ड पुसलं, सिस्टिम पुन्हा टाकली. नाही. पुन्हा पुसलं. नाही. संध्याकाळी उजेड पडला: ती लायब्ररी जुन्या पायांमधल्या व्हिडिओकोर ४ या जीपीयूची. पाय ४ आला २०१९ मध्ये, व्हिडिओकोर ६ घेऊन, आणि त्यावर ती कधी चाललेलीच नाही. तिथे पहिल्यापासून मेसा ही मुक्त ग्राफिक्स लायब्ररी. पुढे पायच्या सिस्टिमच्या २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीत केएमएस हा पडदा सांभाळणारा ड्रायव्हर रुळला. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत तर कॉन्फिग फाइलसुद्धा 'बूट'मधून उठून 'बूट'मधल्या 'फर्मवेअर'मध्ये राहायला गेली. म्हणजे मी शनिवारभर ओसाड वाड्याची कडी वाजवत होतो, आणि दारावर पाटी होती: 'अगदी सोपं आहे'.

रविवारी मेसाच्या वाटेने गेलो. लायब्ररी बसली! डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सूचनांच्या शेवटी दिलेलं उदाहरण चालवलं. एरर. शेडरची (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) पहिली ओळ 'व्हर्जन ३३०'. म्हणजे मोठ्या संगणकांसाठीचं डेस्कटॉप ओपनजीएल हे ग्राफिक्सचं मानक, तेही ३.३ हवं. पाय ४ चा ड्रायव्हर डेस्कटॉप ओपनजीएल देतो ३.१ पर्यंत, आणि ओपनजीएल ईएस, म्हणजे त्याचं छोट्या यंत्रांसाठीचं रूप, तेही ३.१. पाय ५ घेतला तरी तेच. मग या गृहस्थाने चित्रासकट छापलेला तो फिरता त्रिकोण कुठल्या पायवर फिरला? कुठल्याच नाही! लॅपटॉपवर फिरवला, चित्र काढलं, आणि वर लिहिलं 'पायवर तपासून पाहिलं आहे'. तपासून!

उपरोध गेला खड्ड्यात. सरळच बोलतो. बोर्डचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, ३२ बिट की ६४, आणि तारीख. चार शब्द. ते लिहायला हात दुखतात का तुमचे? दुसऱ्याचे दोन दिवस जातात त्यात. कोरं कार्ड घ्या, स्वतःच लिहिलेल्या सूचना पहिल्या ओळीपासून त्यावर एकदा चालवा, मगच लोकांपुढे ठेवा. जुन्या झाल्या असतील तर वर तसं लिहा, नाहीतर काढून टाका. आणि कुणी अडचण सांगितली तर 'माझ्याकडे तर चालतं' हे उत्तर देऊ नका. चालत असेल हो. लॅपटॉपवर सगळ्यांचंच चालतं.