किती जणांनी पाहिलं, ते सांगणार कोण?

मनोरंजनाच्या धंद्यात गेल्या वीस वर्षांत काय बदललं असं विचारलं, की बहुतेक जण पडद्याबद्दल बोलतात. थिएटर मागे पडलं, मग टीव्हीच्या वाहिन्या मागे पडल्या, आता सगळं मोबाइलवर आलं. यातलं बरंचसं खरं आहे. अमेरिकेत मे 2025 मध्ये टीव्हीसमोर लोकांनी घालवलेल्या एकूण वेळात स्ट्रीमिंगचा, म्हणजे नेटफ्लिक्स, यूट्यूब यांसारख्या इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांचा, वाटा 44.8 टक्के होता, म्हणजे केबल आणि साध्या प्रक्षेपण वाहिन्या यांच्या बेरजेपेक्षाही जास्त. हे पहिल्यांदाच घडलं.

पण मी व्हिडिओ एडिटिंगवर पोट भरते आणि माझ्या खुर्चीतून मला सगळ्यात मोठा बदल दुसराच दिसतो. एखादी गोष्ट किती लोकांनी पाहिली, हे मोजण्याचं काम पूर्वी दाखवणाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसायचं. आता ते जवळजवळ पूर्णपणे त्याच्याच हातात गेलंय. लेखकाला किती पैसे मिळणार, व्हिडिओ किती लांब असणार, कोणती मालिका चालू राहणार आणि कोणती एका रात्रीत गायब होणार, हे सगळं त्यातूनच ठरायला लागलंय.

आधी माझ्या टेबलावरचं एक काम सांगते. एका चॅनलसाठी मुलाखत कापत होते. बोलणाऱ्या बाई वयस्कर, बोलणं अत्यंत नेमकं. फापटपसारा काढल्यावर साडेसहा मिनिटांचा फार सुंदर भाग हाती लागला. चॅनलवाल्यांचा निरोप आला, आठ मिनिटांच्या पुढे न्या. कारण सरळ होतं. यूट्यूबवर जुलै 2020 पासून आठ मिनिटांहून लांब व्हिडिओच्या मध्येही जाहिराती घालता येतात, त्याआधी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. मग मी काढलेलं परत घातलं. एकच मुद्दा दुसऱ्यांदा सांगितलेला तुकडा, मुलाखत घेणाऱ्याचं लांबलेलं प्रश्न विचारणं, शेवटी "तर आज आपण पाहिलं" वगैरे. आणि बाईंचं सगळ्यात ताकदीचं वाक्य, जे पाचव्या मिनिटाला हळूहळू उमलून येत होतं, ते उचलून अगदी सुरुवातीला लावलं, 'हुक' म्हणून, म्हणजे बघणारा अडकून राहावा यासाठी. तिथे ते नुसतं वाक्य उरलं. त्याच्यामागची सगळी वाट गेली.

व्हिडिओ लागल्यावर चॅनलवाल्यांनी रिटेन्शनचा आलेख पाठवला. कोणत्या सेकंदाला किती लोक टिकून आहेत ते दाखवणारी ती रेघ. पहिल्या तीस सेकंदांत ती धाडकन खाली येते, ते सगळ्यांच्याच व्हिडिओत होतं. पुढे आईच्या आठवणीवर उत्तर देण्याआधी बाई क्षणभर गप्प बसतात, तिथे रेघेला छोटासा खळगा पडला होता. पुढच्या मुलाखतीसाठी सूचना आली: शांतता ठेवू नका. त्या खळग्यात किती लोक कंटाळून गेले आणि किती जणांनी डोळे पुसायला फोन खाली ठेवला, हे ती रेघ सांगत नाही. तरी निर्णय तिच्यावरच होतो.

मोजमापानुसार कला वळते ही गोष्ट नवी नाही, हे मलाही मान्य आहे. टीव्ही मालिकांचे प्रसंग जाहिरातींच्या जागा बघूनच लिहिले जायचे. फरक असा, की तेव्हा मोजणारा तिसराच असायचा. अमेरिकेत नील्सन ही कंपनी 1950 पासून टीव्हीचे प्रेक्षक मोजत आली. तिचे नमुने अपुरे असत, त्यावरून भांडणंही होत, पण तो आकडा वाहिनीला, जाहिरातदाराला आणि लेखकाच्या एजंटला एकसारखाच दिसायचा. सिनेमाचं तर आणखी सोपं. तिकीट फाटलं की मोजलं गेलं. 1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात मोठ्या स्टुडिओंच्या विरोधात निकाल दिला आणि त्यांना आपली थिएटर सोडावी लागली. सिनेमा बनवणारा एक आणि दाखवणारा दुसरा झाला, की हिशेब दोन वह्यांत लिहिला जातो. त्या निकालातून आलेली बंधनं ऑगस्ट 2020 मध्ये रद्द झाली. तोवर स्ट्रीमिंग कंपन्या निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन ही तिन्ही कामं एकाच छताखाली करायला लागल्याच होत्या, आणि त्यांना ती बंधनं कधी लागूही नव्हती.

नव्या तंत्राची भीती धंद्याने याआधीही घेतलीय. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी 1976 मध्ये सोनीवर खटला भरला होता, का तर घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर लोक कार्यक्रम टिपून ठेवतात. 1984 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर त्याच कॅसेटच्या आणि पुढे डीव्हीडीच्या धंद्यातून स्टुडिओंनी अमाप पैसा कमावला. लेखकांच्या वाट्याला एका डीव्हीडीमागे जेमतेम चार सेंट येत, आणि त्याचा राग त्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहिला. पण निदान किती डीव्हीडी खपल्या हे विचारता तरी येत होतं.

स्ट्रीमिंगमध्ये विचारायचं कुणाला? आणि उत्तर मिळालं तरी ते कोणत्या मापाने दिलंय, हे दर वेळी नव्याने समजून घ्यावं लागतं. नेटफ्लिक्सने आधी एपिसोडचा सत्तर टक्के भाग पाहिला तर तो मोजला. जानेवारी 2020 मध्ये सांगितलं, की दोन मिनिटं पाहिलं तरी धरू. 2021 मध्ये एकूण तास मोजायला सुरुवात केली. 2023 मध्ये त्या तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागून 'व्ह्यूज' काढायला लागले. यूट्यूबने 2012 मध्ये क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिलं आणि व्हिडिओ लांब व्हायला लागले. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबवरचा छोटा व्हिडिओ, नुसता सुरू झाला तरी तो व्ह्यू धरला जातो. एका सकाळीच सगळ्यांचे आकडे फुगायला लागले. पैसे मात्र जुन्याच पद्धतीच्या वेगळ्या आकड्यावर मिळतात. प्रत्येक बदलामागे काही ना काही तर्क असेल. पण माप बदलताना बनवणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

ज्या फेसबुकवर हे लिहितेय, त्याचंच 2016 चं प्रकरण आठवून बघा. लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ पाहतात, हा जाहिरातदारांना दाखवलेला आकडा सुमारे दोन वर्षं फुगलेला होता, हे कंपनीने त्या सप्टेंबरमध्ये मान्य केलं. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना भागाकारातून वगळलं होतं. त्याच काळात अनेक वृत्तसंस्थांनी लिहिणाऱ्यांना घरी पाठवून व्हिडिओच्या टीम उभ्या केल्या होत्या. तसं करायला आणखीही कारणं होती, पण लोक फेसबुकवर भरपूर व्हिडिओ पाहतात हा समज त्यात मोठा होता. जाहिरातदारांनी लावलेला दावा 2019 मध्ये 4 कोटी डॉलरवर मिटला. नोकरी गेलेल्या बातमीदारांचा त्या तडजोडीत प्रश्नच आला नाही.

ऑनलाइन व्हिडिओने वाटोळं केलं असं मी म्हणतेय, असा अर्थ कृपा करून काढू नका. एप्रिल 2005 मध्ये यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा असलेला एक तरुण, जेमतेम एकोणीस सेकंद. त्याआधी माझ्यासारखीला, कुणाची ओळखपाळख नसताना, आपलं काम लोकांपुढे ठेवायला काय मार्ग होता? गेल्या काही वर्षांत मी जे जे शिकले, ते बहुतेक अनोळखी एडिटर मंडळींच्या फुकट व्हिडिओंवरून. यूट्यूबने 2024 च्या सुरुवातीला सांगितलं, की आधीच्या तीन वर्षांत क्रिएटर, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना मिळून 7000 कोटी डॉलर दिले. हा पैसा खरा आहे आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. कोरियन भाषेतली मालिका जगभर सबटायटल लावून पाहिली जाईल, असं कुणाला वाटलं होतं? हे दार पुन्हा बंद व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

पण त्याच कोरियन मालिकेचे, नेटफ्लिक्सच्या 'स्क्विड गेम'चे, दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांनी मालिका जगभर गाजल्यावर मुलाखतीत सांगितलं होतं, की पैसे मूळ करारात ठरले तेवढेच मिळाले, बोनस वगैरे नाही. करार करताना सगळी जोखीम कंपनीने घेतली होती, हा कंपन्यांचा युक्तिवाद असतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण मालिका पडली असती तर पुढचं काम मिळणं कुणाला अवघड गेलं असतं? जोखीम दोघांचीही असते.

म्हणूनच हॉलिवूडच्या लेखकांचे आणि नटांचे 2023 चे संप मला इतके महत्त्वाचे वाटतात. त्यांची मुळं 1960 मध्ये आहेत. तेव्हा हॉलिवूडच्या लेखकांनी आणि नटांनी संप करून, सिनेमा टीव्हीवर दाखवला तर त्याचं वेगळं मानधन पदरात पाडून घेतलं. नटांच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच. या पैशाला तिथे 'रेसिड्युअल्स' म्हणतात. दोन कामांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत घरभाडं त्यातून निघायचं. 2007-08 मध्ये लेखक पुन्हा रस्त्यावर आले, इंटरनेटवरच्या कामाचं काय, हा प्रश्न घेऊन. तेव्हा स्ट्रीमिंग नुकतं सुरू झालं होतं. पंधरा वर्षांनी तोच प्रश्न मोठा होऊन उभा राहिला. लेखक 148 दिवस संपावर राहिले, नट 118 दिवस. त्या उन्हाळ्यात कलाकार आपापले रेसिड्युअल्सचे धनादेश समाजमाध्यमांवर टाकत होते, काहींवर रक्कम होती काही सेंट. पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग.

लेखकांना त्यातून काय मिळालं ते नीट वाचण्यासारखं आहे. एखादा मोठा कार्यक्रम पहिल्या 90 दिवसांत त्या सेवेच्या देशांतर्गत सदस्यांपैकी 20 टक्के किंवा जास्त जणांनी पाहिल्याइतका चालला, तर लेखकाला ठरलेल्या रेसिड्युअलच्या निम्मा बोनस. आणि कार्यक्रम किती तास पाहिला गेला, हा आकडा कंपन्या संघटनेला देणार, पण गोपनीयतेच्या अटीवर. म्हणजे लेखकाने स्वतःच लिहिलेल्या मालिकेचा नेमका आकडा त्याच्या संघटनेच्या कपाटात असू शकतो, पण तो उघडपणे सांगता येणार नाही. एवढ्यासाठी 148 दिवस लागले. त्याच डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सने आपणहून 18,000 हून जास्त कार्यक्रमांचे सहा महिन्यांचे आकडे प्रसिद्ध केले, आणि पुढेही ते करत राहिले. याचं मी मनापासून स्वागत करते. पण आपणहून दिलेली गोष्ट आपणहून बंदही करता येते.

आता यातला मला सगळ्यात जास्त लागणारा भाग. 'विलो' ही मालिका नोव्हेंबर 2022 मध्ये डिस्ने प्लसवर आली आणि पुढच्या मे महिन्यात तिथून काढून टाकली गेली. कुणी विकत घेतलेली प्रत कपाटात नाही, रात्री उशिरा कुठल्या वाहिनीवर लागेल अशी आशा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने 'बॅटगर्ल' हा सुमारे 9 कोटी डॉलरचा, जवळजवळ पूर्ण झालेला सिनेमा प्रदर्शितच करायचा नाही असं ठरवलं. ताळेबंदात तोटा दाखवणं फायद्याचं होतं. एडिटर म्हणून मी त्या सिनेमाच्या टाइमलाइनचा, म्हणजे एडिटिंगमध्ये तुकडे क्रमाने लावतात त्या पट्टीचा, विचार करते. महिनोन् महिने कुणीतरी रोज ती उघडली असेल, एका दृश्याचे दहा-दहा टेक पाहून त्यातला एक निवडला असेल, संगीत येईपर्यंत दुसरंच काहीतरी लावून ताल जमवला असेल. पडलेला सिनेमा निदान पडलेला तरी असतो. लोक त्याला नावं ठेवतात, वीस वर्षांनी एखादी मुलगी तो बघून म्हणते की हा तर चांगला होता. न दाखवलेल्याच्या नशिबी तेवढंही नाही.

यावर माझ्या मागण्या काही क्रांतिकारक नाहीत. ज्याचं नाव श्रेयनामावलीत आहे, त्याला त्या कामाचा आकडा मिळावा, कोणत्या मापाने काढला त्या खुलाशासकट. माप बदललं तर जुन्या मापातला आकडाही काही काळ सोबत द्यावा. आणि काम काढून टाकायचं असेल तर आधी सांगावं, दुसऱ्या कुणाला ते घ्यायचं असेल तर वाव द्यावा, आणि एक प्रत एखाद्या अभिलेखागारात ठेवावी.

हॉलिवूडच्या लेखकांकडे संघटना होती, म्हणून निदान टेबलावर बसता आलं. चॅनलसाठी काम करणाऱ्या एडिटर, कॅमेरावाल्या, थंबनेल बनवणाऱ्या मंडळींच्या बाजूने बोलणारं बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. आपला व्यवहार व्हॉट्सअॅपवरच्या चार ओळींत ठरतो आणि व्हिडिओ पाठवला की संपतो. मी आता काम घेताना एक ओळ लेखी मागायला लागलेय: व्हिडिओची आकडेवारी, रिटेन्शनच्या आलेखासकट, दर तीन महिन्यांनी मलाही मिळेल. बरेच जण ती ओळ काढून टाकतात. काही जणांनी ठेवली, आणि त्यांच्याशी पुढच्या कामाचे पैसे ठरवताना पहिल्यांदाच माझ्याकडे बोलायला काहीतरी होतं. या धंद्यातल्या कुणाला ती ओळ हवी असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, शब्दशः पाठवते.