लिफ्टमधल्या बाई आणि माझा ठराव

आमच्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा कुणी उघडा टाकला, की आतून एक बाई सुरू होते : 'कृपया दरवाजा बंद करा.' रात्री साडेबारालाही तिचा उत्साह सकाळचाच. आवाज जरा कमी करा, एवढंच माझं म्हणणं. पण सहकारी गृहनिर्माण संस्थेत नुसतं म्हणून भागत नाही, ठराव लागतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमची हटकून गणपती नाहीतर पितृपक्षात सापडते. नोटीस 14 दिवस आधी. गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातला कमी असेल तो आकडा. तेवढे न जमल्यास सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी भरेल आणि मग गणसंख्येचं बंधन राहणार नाही, असं तळाला छापलेलं असतं. अख्ख्या नोटिशीत लोक वाचतात ते एवढंच. साडेनऊपर्यंत पार्किंगमध्ये लाल खुर्च्या आणि खजिनदार, बाकी कुणी नाही.

मागचं इतिवृत्त कायम झालं. लाखांचा ताळेबंद 'मंजूर, मंजूर' म्हणता म्हणता पार पडला, समोशांची खोकी उघडायच्या आत लेखापरीक्षकही नेमून झाले. मग आले 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. मी उठलो.

"ते लिफ्टच्या आवाजाचं सांगायचं होतं..."

"सांगू नका, मांडा," सचिव म्हणाले. "'असे ठरविण्यात येते की'पासून सुरू करा."

"असे ठरविण्यात येते की, लिफ्टमधल्या बाईंचा आवाज कमी करावा."

"म्हणजे आम्ही लिफ्टमध्ये बोलायचं पण नाही का?" मागच्या रांगेतून आलं. झालं, पंधरा मिनिटं त्यातच गेली. शेवटी 'लिफ्टमधील ध्वनिसूचना यंत्रणेचा आवाज' असा मसुदा ठरला आणि सूचक म्हणून माझं नाव लिहिलं गेलं.

"अनुमोदक?"

या बाईच्या नावाने जिन्यात रोज बोटं मोडणारे माझे शेजारी एकदम समोशातल्या बटाट्यात गुंतले. "आपला पाठिंबा आहे हो," ते हळूच म्हणाले, "फक्त नाव नका घालू." अखेर दुसऱ्या मजल्यावरचे काका तयार झाले, पण पाण्याच्या पंपाचाही आवाज कमी करावा या उपसूचनेसह. पंप मूळ विषयाच्या बाहेरचा, असा निर्णय अध्यक्षांनी दिला. काका रागावले, पण अनुमोदन मागे घेतलं नाही, हे त्यांचे उपकारच.

विरोध आला तो पहिल्या मजल्यावरच्या आजींचा. "ती ओरडली की मला कळतं, नातू घरी आला. दरवाजा उघडा टाकणारा तो एकटाच आहे." अख्खी सभा नातवाकडे वळली. तो मोबाइलमध्ये.

हात वर झाले. त्यातला एक चटणीसाठी वर गेलेला होता, तोही मोजला आणि ठराव बहुमताने मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात लिफ्टचा मेकॅनिक आला. डबी उघडून म्हणाला, "साहेब, याला आवाज कमी-जास्त करायचं बटणच नाही. चालू नाहीतर बंद."

"मग बंद करा!"

"थांबा," सचिव मागून म्हणाले. "बंद करायचा ठराव झालेला नाही."