पिट्युटरीच्याही वर कोणीतरी आहे

तुमचा हार्मोन्सवरचा लेख छान झालाय, पण त्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ‘सगळ्या ग्रंथींची राणी’ म्हटलंय ते तेवढं पटलं नाही. वाटाण्याएवढी ती ग्रंथी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि तिच्या डोक्यावर बसलाय हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग. त्याचा निरोप रक्तवाहिन्यांच्या छोट्याशा जाळ्यातून आल्याशिवाय ती बाकीच्या ग्रंथींना, म्हणजे थायरॉइडला किंवा अ‍ॅड्रिनलला फारसं काही सांगत नाही. पिट्युटरीचा मागचा भाग तर स्वतः हार्मोन बनवतच नाही. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही तिथली दोन हार्मोन्स वरून, हायपोथॅलॅमसमधून, तयार होऊन येतात, इथे फक्त साठा.

प्रोलॅक्टिनची, म्हणजे दूध तयार करायला लावणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनची, गंमत मात्र लेखात यायलाच हवी होती. हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला जोडणारा देठ तुटला तर बाकीची बहुतेक हार्मोन्स घटतात आणि प्रोलॅक्टिन उलट वाढतं! कारण त्याला वरून मुख्यतः ‘थांब’ असाच निरोप असतो, डोपामिन या रसायनाचा.

शिवाय दूध तयार होणं वेगळं, उतरणं वेगळं. वासरू सडाला लागलं की मज्जातंतूंमार्फत मेंदूला वर्दी जाते, ऑक्सिटोसिन रक्तात येतं, दूध बनवणाऱ्या पेशींभोवतीच्या स्नायूसारख्या पेशी आवळतात आणि मिनिटभरात पान्हा फुटतो. गाय बिथरलेली असेल तर अ‍ॅड्रिनलिन आडवं येतं. अशा वेळी ती पान्हा चोरते, पण त्यात बिचारीची लबाडी कसली?

बाकी १९०२ चा बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांचा सिक्रेटिनचा (आतड्यातून स्रवणाऱ्या हार्मोनचा) प्रयोग तुमच्या लेखात एका ओळीत उरकलाय. आतड्याचे मज्जातंतू तोडूनही स्वादुपिंडातून पाचकरस पाझरला, म्हणजे निरोप रक्तातून गेला. यावर स्वतंत्र लेख लिहा की!