खरेदीखताने उठणारी गावे

परवा सातारा शहरात एका कामासाठी दस्तनोंदणीच्या रांगेत उभा होतो. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझ्या हातातले कागद पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं गाव नकाशात आहे का?" ते जमिनीचे व्यवहार जुळवून देणारे एजंट होते आणि त्यांना अभिप्रेत असलेला नकाशा नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाचा होता. मूळ आराखड्यात २३५ गावे आणि सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर क्षेत्र येते. २०१९ साली राज्य रस्ते विकास महामंडळाला या क्षेत्राचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले आणि २०२४ साली प्रारूप आराखड्यावर हरकती मागवण्यात आल्या. मी हो म्हणालो, कारण माझे आजोळ त्या नकाशात आहे. खरे तर आजोळचे मूळ गाव कोणत्याच नकाशात उरलेले नाही. ते कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे. नकाशात आहे ते त्यानंतर वर सरकलेले गाव.

कोयनेचे पाणी अडले तेव्हा माझे मामा चौदा वर्षांचे होते. त्या धरणाने शंभराच्या आसपास गावांतील नऊ हजारांहून अधिक कुटुंबे उठवली. पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेची माणसे उठल्यानंतर कितीतरी वर्षांनी. कोणी खानापूरकडे गेले, कोणी सोलापूर जिल्ह्यात, कोणी ठाण्याकडे, आणि ज्यांना जमिनीचा कागद मिळूनही जमीन दिसली नाही ते परत येऊन पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला राहिले. मामांची भावकी अशीच वर सरकली. घरटी एक-दोन माणसे मुंबईत माथाडी म्हणून लागली. पाटण-जावलीच्या खोऱ्यांतील घरे मसजिद बंदरच्या हमालीवर चालली, हे या भागात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आणि वीज सुमारे १,९६० मेगावॉट. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, मुंबई उजळली. माझ्या घरातही तीच वीज असेल, म्हणून मी धरणाच्या विरोधात बोलण्याचा आव आणणार नाही. मात्र वरच्या अंगाच्या वाड्यांत रॉकेलचे दिवे पुढे अनेक वर्षे जळत राहिले, आणि खाली टर्बाइन फिरवून झालेले पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळत राहिले, तेही माण-खटाव याच जिल्ह्यात कोरडे असताना. फायद्याचा हिशेब मेगावॉटमध्ये झाला. तोट्याचा हिशेब मात्र ज्याचा तोटा झाला त्यानेच तीन पिढ्या कागद घेऊन सिद्ध करत राहायचा: प्रकल्पग्रस्तांच्या नोंदीच्या संकलन रजिस्टरमध्ये नाव आहे का, आजोबांच्या नावातील एक अक्षर चुकले आहे का, पर्यायी जमिनीची कब्जेपट्टी, म्हणजे ताबा दिल्याचा कागद, आहे पण ताबा का नाही. मामांची अशी एक पिशवी आहे, प्लास्टिकची, दोरीने बांधलेली. पावसाळ्यात ती माळ्यावर असते आणि घरात इतर काही गळले तरी चालते.

त्यानंतर १९८५ साली कोयना अभयारण्य झाले आणि २०१० साली चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही ज्या माणसांना घराकडे जाणारा रस्ता दुरुस्त करण्यासाठी वर्षानुवर्षे परवानग्यांची वाट पाहावी लागली, त्यांच्याच डोंगरावर आता पर्यटनाचे आराखडे रंगवले जातात, तेव्हा नियम डोंगरासाठी होते की माणूस पाहून लावलेले होते, असा प्रश्न पडतो.

आता मुद्द्यावर येतो. नवीन महाबळेश्वराच्या बाजूने बोलणारे लोक सांगतात की येथे धरणासारखे कोणाला उठवायचे नाही, त्यामुळे विस्थापनाचा प्रश्नच येत नाही. मला हेच सर्वांत धोक्याचे वाटते. भूसंपादन झाले तर निदान अधिसूचना निघते, मोजणी होते, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मागता येतो. ज्याची जमीन गेली त्याला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो आणि तो दाखवून तो नातवासाठी नोकरीच्या आरक्षणात अर्ज तरी करू शकतो. खरेदीखताने गेलेल्या माणसाला यातील काहीही मिळत नाही. त्याने "राजीखुशीने" विकली, असे दस्तातच लिहिलेले असते. तो कोणत्याही रजिस्टरमध्ये विस्थापित म्हणून मोजला जात नाही. गाव रिकामे होते आणि सरकारदरबारी एकही माणूस उठलेला नसतो.

विकणारा आणि घेणारा यांच्यात फरक असतो तो माहितीचा. जमिनीच्या ज्या गटाला आराखड्यात पर्यटनाचा रंग लागणार, ज्याच्या शेजारून रस्ता जाणार, त्याचा भाव एका रेषेने बदलतो. ती रेषा ज्याला आधी कळते तो पडत्या भावाने घेतो. ज्याला शेवटी कळते तो, "ही जमीन नाहीतरी सरकार घेणार, आत्ताच चार पैसे पदरात पाडून घ्या", या वाक्यावर सही करतो. महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यातील झाडाणी गावाचे प्रकरण २०२४ साली गाजले. एका बड्या सरकारी अधिकाऱ्याने आणि संबंधितांनी तेथे शेकडो एकर जमीन घेतल्याचा आरोप झाला आणि कमाल जमीनधारणा कायद्याखाली नोटिसा निघाल्या. या कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. खरे-खोटे सुनावणीत ठरेल. परंतु प्रकरण बाहेर येईपर्यंत सातबारे बदलूनही गेले होते, आणि ते बदलताना कोणालाच काही वावगे दिसले नव्हते.

खोऱ्यातल्या तरुणांना हा प्रकल्प हवा आहे, हेही मी पाहिले आहे. अडलेल्या बाईला लाँचमधून पलीकडे न्यावे लागते, शाळेपुढे शिकायचे तर गाव सोडावे लागते. अशा ठिकाणी रस्ता, दवाखाना आणि चार रोजगार मागणाऱ्याला सातारा शहरात बसून निसर्गाचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. माझी मागणी त्याच्या विरोधात नाही. या २३५ गावांतील गेल्या पंधरा वर्षांतले सर्व खरेदीव्यवहार, कोणाकडून कोणाला आणि कोणत्या दराने, हे गावनिहाय प्रसिद्ध करावेत आणि अंतिम आराखडा त्यानंतर मंजूर करावा. जमिनीचा वापर बदलून जी किंमत वाढेल तिचा वाटा आराखड्याची पहिली चर्चा सुरू होण्याआधीच्या खातेदारालाही मिळावा. विक्रीऐवजी दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हाच नियम करावा, म्हणजे हॉटेल बंद पडले तरी जमीन घरातच राहील. यातील कोणतीच गोष्ट अशक्य नाही. दस्त आधीच संगणकात आहेत.

मामांना हे सारे वाचून दाखवले. ते म्हणाले, "अरे, आमच्या वेळी निदान पाणी वर येताना दिसत तरी होतं."

गेल्या दिवाळीत त्यांच्या भावकीतील एकाने दीड एकर विकले. मुलीच्या लग्नाचे कर्ज होते, त्याला मी दोष देत नाही. खरेदीखत तपासायला माझ्याकडे आणले होते, तेव्हा चतुःसीमा वाचली. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस आणि उत्तरेस लिहिलेल्या शेजारच्या चार जमीनमालकांच्या नावांपैकी एकही नाव आमच्या खोऱ्यातले नव्हते.