अडीच इंचांच्या जटा

शनिवार पेठेत राहणाऱ्या आणि विमा कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाने वयाच्या ३८व्या वर्षी डोक्यावर जटा राखायचे ठरवावे, याचे कारण कोणीही विचारील. माझे कारण एवढेच होते की आमच्या घराण्यात पंचेचाळिशीला टक्कल पडते आणि त्यामुळे केसांचे जे काही करायचे, ते सात वर्षांत उरकणे भाग होते. जमैकातील रास्ताफारी पंथाची मंडळी बायबलातील व्रताचा आधार घेऊन जटा वाढवतात. माझ्या पाठीशी असे कोणतेही व्रत नव्हते. होते ते अडीच इंच केस, आणि तेही जन्मभर भांग पाडून सरळ वळणाला लागलेले.

नैसर्गिक जटा म्हणजे मेण नाही, गोंद नाही, वरून जोडलेले केस नाहीत, एवढे वाचून मी असा निष्कर्ष काढला की यात काहीच करायचे नसते. कुरळ्या केसांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. सरळ आणि आखूड केस मात्र आपण होऊन एकमेकांत गुंतत नाहीत. त्यांना गुंतवावे लागते, आणि जट पक्की होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. आमच्या नेहमीच्या केशकर्तनकाराने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग तो म्हणाला, "साहेब, गुंता काढायचा असेल तर बसा. घालायचं काम आम्ही शिकलो नाही."

तेव्हा ते काम घरी आले. डोक्याचे इंच-इंच चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातील केस टोकाकडून मुळाकडे उलटे विंचरायचे आणि बाहेर आलेले केस क्रोशाच्या सुईने आत ओढून घ्यायचे. सुई आणण्यासाठी मी तुळशीबागेत गेलो. दुकानातील बाईंनी "रुमाल करायचाय की तोरण?" असे विचारल्यावर मी खरे ते सांगितले, आणि त्यांनी उरलेले पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले.

तीन रविवार खर्चून ५४ जटा तयार झाल्या. लांब जट स्वतःच्या वजनाने खाली लोंबते. अडीच इंचांच्या जटेला वजनच नसल्यामुळे ती उभी राहते, हे मला आरशात पिकण्याच्या बेतात आलेला फणस दिसल्यावर समजले. हेल्मेट काढल्यावर मात्र त्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असत, जणू तिकडे कोणीतरी वाद घालत आहे आणि त्यांना ऐकायचे आहे.

खरा प्रश्न शेजाऱ्यांचा होता, कारण आपल्याकडे जट हा शब्द साधा नाही. आजही एखाद्या बाईच्या केसांत गुंता झाला की देवीचे आले म्हणून तिला हळदकुंकू वाहिले जाते, आणि कोप होईल या भीतीने ती बिचारी मानदुखी आणि उवा सोसत ते ओझे वर्षानुवर्षे वागवते. त्यामुळे वरच्या मजल्यावरील काकूंनी मला जिन्यात पाहून चप्पल काढून नमस्कार केला, तेव्हा मला मनापासून संकोच वाटला. समोरच्या निवृत्त काकांनी तर जटनिर्मूलन करणाऱ्या कार्यकर्तीला परस्पर फोन लावून तो माझ्या हाती दिला. "किती वर्षांची जट आहे?" असे त्या ताईंनी अत्यंत मायेने विचारले. "पाच आठवड्यांची," मी म्हणालो. "लांबी?" "अडीच इंच. मुद्दाम केली आहे." पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. "मग तुमची तुम्हीच काढा," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि माझ्या मते त्यांचे अगदी बरोबर होते.

आईचा आक्षेप निराळा होता. तिच्या मते डोक्याला तेल नसणे हेच सर्व अनर्थांचे मूळ होते. तेलाने केस निसटतात आणि गुंता सुटतो, म्हणून जटेला तेल वर्ज्य आणि स्वच्छ केस मात्र लवकर गुंततात, हे मी तिला परोपरीने सांगितले. आठवड्यातून दोनदा मी रिठ्याने डोके धूत होतो. आयुष्यात माझे डोके इतके स्वच्छ कधीच नव्हते, आणि "अंघोळ करतोस ना रे?" असे इतक्या जणांनी कधी विचारलेही नव्हते. पुढे जुलै आला. पुण्याच्या पावसात जिथे टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे जटा काय वाळणार? आणि आतून ओली राहिलेली जट कुबट वास मारते. रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी मी पंख्याखाली अर्धा तास मान वाकवून बसू लागलो; आल्यागेल्याला वाटे, घरात काही वाईट घडले आहे.

अशाच एका सकाळी आई चहा घेऊन मागे उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग तिने माझ्या हातातली सुई काढून घेतली. "मागच्या ओळी उसवल्यात सगळ्या," ती म्हणाली. "तोरण असतं तर मी टाकून दिलं असतं. मान खाली घाल. आणि हलू नकोस, विणीतले खांब मोजतेय."